कवितेच्या पोटातला बेस: लिंटन क्वेसी जॉन्सन यांची पार्श्वभूमी

लिंटन क्वेसी जॉन्सन हे माझे अत्यंत लाडके कवी. संगीताच्या साथीने कविता म्हणणारे पुष्कळ आहेत, पण बहुतेकांची कविता आधी लिहून होते आणि मागे वाजवायला काहीतरी नंतर शोधलं जातं. जॉन्सन यांचं तसं नाही. लिहितानाच बेस गिटारची ओळ डोक्यात चालू असते, असं ते सांगत आले आहेत आणि ऐकताना ते शंभर टक्के पटतं. ही सवय कुठून आली, ते समजायचं तर आधी जमैकात जावं लागतं.

किंग्स्टनमध्ये १९५० च्या दशकापासून ‘साउंड सिस्टिम’चा जोर होता. मोठमोठे स्पीकर लावायचे, तबकड्या वाजवायच्या आणि रात्रभर नाच. साठच्या दशकाच्या शेवटी तबकडीच्या एका बाजूला गाणं आणि दुसऱ्या बाजूला त्याच गाण्याचं गायकाविना रूप छापायची पद्धत पडली. या दुसऱ्या बाजूला ‘व्हर्जन’ म्हणत. किंग टबी हा मुळात उपकरणं दुरुस्त करणारा तंत्रज्ञ. त्याने अशा व्हर्जनमधून गिटार, पियानो काढून घेतले, ड्रम आणि बेस पुढे आणले, मध्येच एखादा शब्द घुमवत सोडून दिला. हेच डब. मोकळ्या झालेल्या त्या जागेत यू-रॉय, बिग यूथ यांच्यासारखे डीजे माइक हातात घेऊन बोलू लागले. जमैकात डीजे म्हणजे तबकडीवर बोलणारा.

रेगे या जमैकन संगीतप्रकाराचा ‘वन ड्रॉप’ ठेका नीट ऐकण्यासारखा आहे. चार मात्रांपैकी पहिलीवर ड्रम गप्प राहतो आणि खरा आघात तिसरीवर पडतो. समेवर आघाताची सवय असलेल्या कानाला आधी चुकल्याचुकल्यासारखं वाटतं. पण मधल्या रिकाम्या जागांमुळेच त्यात बोलणं सहज मावतं.

जॉन्सन यांचा जन्म १९५२ चा, जमैकातल्या चॅपल्टनचा. बालपण आजीजवळ खेड्यात गेलं. तिच्या गोष्टी आणि बायबलमधला जुना करार हेच त्यांचं पहिलं साहित्य. १९६३ मध्ये ते लंडनला, ब्रिक्स्टनमध्ये आईकडे आले. शाळेत असतानाच ते कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्रिटिश ब्लॅक पँथर चळवळीत ओढले गेले आणि कृष्णवर्णीयांनी लिहिलेली पुस्तकं त्यांना तिथे पहिल्यांदा वाचायला मिळाली. मग ‘रास्ता लव्ह’ या गटात ढोलांच्या साथीने कविता म्हणणं सुरू झालं. भाषा आजीचीच, जमैकन बोली, आणि उच्चार असेल तसं स्पेलिंग. कवयित्री लुईस बेनेट यांनी ही वाट जमैकात कितीतरी आधी पाडली होती, पण लंडनच्या पोलिसांशी झगडणाऱ्या तरुणांसाठी ती वापरली जॉन्सन यांनी.

१९७८ मध्ये पहिला अल्बम आला. डेनिस बोव्हेल या संगीतकाराशी जमलेली त्यांची जोडी पुढे अनेक वर्षं टिकली. १९७९ च्या ‘फोर्सेस ऑफ व्हिक्टरी’मध्ये ‘सॉनीज लेटा’, म्हणजे सॉनीचं पत्र, ही कविता आहे. ब्रिक्स्टनच्या तुरुंगातून मुलाने आईला लिहिलेलं पत्र, एवढाच त्याचा आकार. सुरुवात अगदी रीतसर: प्रिय आई, तू बरी असशील. मग बसथांब्यावर उभे असलेले दोघे भाऊ, येऊन थांबलेली पोलिसांची गाडी, धाकट्या जिमला झालेली मारहाण. मारहाण सुरू होताच ओळी आखूड होतात, प्रत्येक ओळ एका फटक्याएवढी. सॉनी मध्ये पडतो, झटापटीत एक पोलीस मरतो आणि खुनाचा आरोप सॉनीवर येतो. इतकं सांगूनही आवाज एकदाही चढत नाही. मला सगळ्यात जास्त हलवतो तो हा संयम.

या कवितेमागचा कायदा खराखुरा होता. १८२४ च्या भटकेगिरीविरोधी कायद्यातल्या एका कलमाखाली, गुन्हा करायच्या इराद्याने फिरतोय अशा नुसत्या संशयावरून कुणालाही पकडता येई आणि पोलिसांची साक्ष शिक्षेला पुरे. लोक त्याला ‘सस’ म्हणत. कृष्णवर्णीय तरुण त्यात सर्वाधिक भरडले गेले. ते कलम अखेर १९८१ मध्ये रद्द झालं.

त्याच वर्षी १८ जानेवारीला दक्षिण लंडनमधल्या न्यू क्रॉस इथे वाढदिवसाच्या पार्टीत आग लागून १३ कृष्णवर्णीय तरुण-तरुणी गेले. सरकार आणि वृत्तपत्रांच्या थंडपणाविरुद्ध २ मार्चला हजारो लोक रस्त्यावर उतरले. तो मोर्चा उभा करणाऱ्यांत जॉन्सनही होते. ‘न्यू क्रास मासाका’ (न्यू क्रॉसचं हत्याकांड) ही त्यांची कविता आधी पार्टीच्या नाचाच्या लयीत डोलते आणि मग अचानक त्या बातमीवर येऊन थांबते.

जमैकात ओकू ओनुओरा, मुटाबारुका आणि मायकल स्मिथ हे कवी याच वाटेने चालले होते. स्मिथचा एकमेव अल्बम १९८२ मध्ये जॉन्सन आणि बोव्हेल यांनीच करून घेतला. पुढच्याच वर्षी किंग्स्टनजवळ स्टोनी हिल इथे त्याची हत्या झाली. तो तेव्हा तिशीतही नव्हता.

जॉन्सन यांनी पुढे बँडशिवायही खूप वाचन केलं. १९९६ मध्ये तशा वाचनाचं ध्वनिमुद्रण निघालं. त्यात एकही वाद्य नाही, तरी बेस कुठे पडतो ते सांगता येतं, कारण तो शब्दांच्या तोडणीतच आहे. २००२ मध्ये पेंग्विनच्या मॉडर्न क्लासिक्स मालिकेत त्यांच्या निवडक कविता आल्या. त्या मालिकेतले ते पहिले कृष्णवर्णीय कवी. पुस्तक जरूर घ्यावं, पण आधी ‘सॉनीज लेटा’ ऐकावी, म्हणजे छापील ओळी कुठे तोडायच्या ते कानाला आपोआप कळतं.