द्रौपदी तुमच्या डोक्यात कुठल्या रंगाची आहे?

माझी भाची नाशकात इंदिरानगरला राहते, अकरावीत आहे आणि फॅनफिक्शन लिहिते, म्हणजे आवडत्या सिरीजमधली पात्रं घेऊन स्वतःची नवी गोष्ट. दिवाळीत तिने एक मला वाचायला दिली. गोष्ट छान होती, पण हिरॉईन "दुधासारखी गोरी" आणि तिची मैत्रीण "सावळी, पण मनाने चांगली". मी विचारलं, हा "पण" कशाला गं? ती गप्प बसली, मग म्हणाली, "मावशी, मी असं लिहिलंय हेच मला आठवत नाहीये." आणि ती स्वतः सावळी आहे, म्हणून मला ते जास्तच लागलं.

ती खोटं बोलत नव्हती. केंब्रिजचा मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट याचं आठवणींवरचं पुस्तक 1932 ला आलं, त्यातला प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. त्याने इंग्रज लोकांना उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक लोककथा वाचायला दिली आणि नंतर पुन्हा पुन्हा आठवून लिहायला लावली, तर कथेतल्या कनूच्या, म्हणजे वल्ह्याच्या निमुळत्या होड्यांच्या, साध्या बोटी झाल्या, सील या समुद्री प्राण्याच्या शिकारीला गेलेले तरुण मासे धरायला गेले, आणि जे अगदीच अनोळखी होतं ते गळूनच गेलं. कुणीही मुद्दाम बदललं नव्हतं. मेंदू जे आधी भरपूर पाहिलंय त्याच साच्यात नवीन गोष्ट बसवतो, आणि आपल्याला वाटतं आपण जसंच्या तसं वाचलं.

वाचकांच्या डोक्यात हेच होतं. 'द हंगर गेम्स' या 2008 च्या कादंबरीत रू नावाची छोटी मुलगी आहे, तिची त्वचा गडद तपकिरी आहे असं लेखिकेने स्पष्ट लिहिलंय. 2012 ला सिनेमा आला, रूचं काम अमांडला स्टेनबर्ग या कृष्णवर्णीय मुलीने केलं आणि ट्विटरवर कितीतरी चाहते चिडले, की आमची रू अशी नव्हती! पुस्तक त्यांनी वाचलेलं होतं बरं का. पण त्याच पुस्तकात रूकडे बघून नायिकेला आपली धाकटी बहीण आठवते, आणि ती बहीण सोनेरी केसांची, गोरी. मला वाटतं वाचकांनी तेवढं धरून ठेवलं आणि रंगाचं वाक्य डोळ्याखालून गेलं तरी आत पोचलंच नाही.

आपल्याकडे द्रौपदीचं तेच झालंय. महाभारतात तिचं नावच कृष्णा, रंगावरून पडलेलं, तरी कॅलेंडरवर आणि टीव्हीवर ती गोरीपान. पंचवटीत काळारामाच्या काळ्या मूर्तीचं दर्शन घेऊन आलेली मुलं घरी रामाचं चित्र काढताना "स्किन कलरचा" खडू मागतात, आणि तो खडू फिक्कट गुलाबी असतो, नाशकातल्या किती जणांची स्किन तशी आहे?

त्याच काळारामाच्या दारात 2 मार्च 1930 ला बाबासाहेब आणि दादासाहेब गायकवाडांना सत्याग्रह सुरू करावा लागला. तो भेदभाव उघड होता, दार बंद होतं. अमेरिकेतला वंशभेद आणि आपली जात या एकच गोष्टी नाहीत, पण दार उघडल्यावरही डोक्यात जे उरतं ते दोन्हीकडे सारखंच काम करतं. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांचा 2007 चा अभ्यास बघा, सारख्या पात्रतेचे अर्ज खाजगी कंपन्यांना पाठवले, फरक फक्त नावाचा, तर दलित वाटणाऱ्या नावांना बोलावणं यायची शक्यता कमी निघाली.

हे मोजायची एक टेस्टही आहे, 1998 ला अँथनी ग्रीनवाल्ड आणि सहकाऱ्यांनी मांडलेली. स्क्रीनवर गोरे-काळे चेहरे आणि चांगले-वाईट शब्द येतात, पटापट बटणं दाबायची, कधी गोरा चेहरा आणि चांगला शब्द यांना एकच बटण, कधी काळा चेहरा आणि चांगला शब्द यांना, आणि कुठल्या जोडीला तुम्हाला किती मिलिसेकंद जास्त लागतात ते बघायचं. पण तिच्या आकड्यावरून एखाद्या माणसावर शिक्का मारू नये, कारण तोच माणूस काही दिवसांनी परत बसला की आकडा बराच बदलू शकतो. गर्दीचा कल मात्र त्यात दिसतो.

फॅनफिक्शन म्हणजे तर गर्दीच. स्टार वॉर्सच्या 2015 च्या सिनेमात फिन हा कृष्णवर्णीय नायक मध्यभागी आहे, तरी कायलो रेन आणि जनरल हक्स या मोजक्याच सीनमध्ये एकत्र आलेल्या दोन गोऱ्या खलनायकांची जोडी जमवून चाहत्यांनी हजारो गोष्टी लिहिल्या. प्रत्येक जण म्हणणार मला ते आवडतात म्हणून लिहिलं, आणि ते खरंच असणार, पण एवढ्या सगळ्यांची आवड एकाच बाजूला कशी झुकली हा प्रश्न उरतोच.

भाचीला हे सगळं सांगितल्यावर ती म्हणाली, आता तुझी कथा काढ. मी वीस वर्षांपूर्वी लिहिलेली एक काढली, दोघी पेन्सिल घेऊन बसलो आणि जिथे जिथे माणसाचा रंग सांगितलाय तिथे गोल केला. कथेत अकरा माणसं आहेत. गोल एकच झाला, सुरगाण्याच्या आदिवासी भागातून कामाला आलेल्या मुलीभोवती, आणि अकरा जणांत नाव न दिलेली तीच एकटी होती.