काढायचा तो भाग अजून कामाचा आहे का?

गेल्या महिन्यात एसटी स्टँडवर एक तरुण बसल्या जागेवरून खाली कोसळला. अंग ताठ झालं, मग झटके सुरू झाले. बघता बघता गर्दी जमली आणि कुणीतरी पायातली चप्पल काढून त्याच्या नाकाला लावली. दीड-दोन मिनिटांत झटके थांबले आणि लोक चप्पलवाल्याचं कौतुक करू लागले. मला याची फार चीड येते. आकडी बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपली आपण थांबते. तेवढ्यात चप्पल, कांदा, किल्ल्यांचा जुडगा, जे काही हाताशी असेल ते श्रेय घेऊन जातं. झटके ओसरले की माणसाला कुशीवर वळवावं, तोंडात काही घालू नये, घड्याळाकडे बघावं आणि पाच मिनिटं उलटली तर थेट दवाखाना गाठावा. बास, एवढंच.

मुलाची आई शेजारीच होती. तो सावरल्यावर ती म्हणाली, “दादा, अकरा वर्षं गोळ्या चालू आहेत. आता डॉक्टर ऑपरेशन करा म्हणतात. डोक्याचं ऑपरेशन! त्याची आठवणच गेली तर?” मी डॉक्टर नाही, मेंदूविज्ञान शिकवतो. पण तिचा प्रश्न अगदी नेमका होता. गाडीच्या घाईत जे धड सांगता आलं नाही, ते इथे सांगतो.

आधी गोळ्यांचं. ग्लासगोच्या डॉक्टरांनी पूर्वी उपचार न घेतलेल्या 470 रुग्णांचा मागोवा घेतला आणि 2000 साली तो प्रसिद्ध केला. पहिल्याच औषधाने 47 टक्के लोकांच्या आकड्या थांबल्या. दुसऱ्याने आणखी 13 टक्के लोकांच्या. तिसऱ्या औषधाने? जेमतेम 1 टक्का. म्हणून आता दोन योग्य औषधं पुरेशा मात्रेत देऊनही गुण आला नाही, तर ऑपरेशनचा विचार लगेच करावा असं मानतात. अकरा वर्षं थांबायचं कारण नसतं.

असं का होतं, हे समजायला हिप्पोकॅम्पसमध्ये शिरावं लागतं. गोळ्यांना दाद न देणाऱ्या आकड्या पुष्कळदा इथूनच सुरू होतात, आणि अशा ऑपरेशनमध्ये काढतात तोही हाच भाग. दोन्ही कानशिलांच्या आत, खोलवर, करंगळीएवढा आणि समुद्रघोड्यासारखा वळलेला हा भाग. नव्या आठवणी इथे तयार होतात. बाहेरून आलेले संदेश आधी ‘डेंटेट गायरस’ नावाच्या पट्टीतल्या पेशींपाशी पोचतात. या पेशी स्वभावाने भलत्याच कंजूष, धरणाच्या दरवाजासारख्या. बहुतेक गप्प असतात, थोडाच प्रवाह पुढे सोडतात. पुढच्या टप्प्यातल्या पेशी, ज्यांना ‘सीए-3’ म्हणतात, एकमेकींशी दाट जोडलेल्या असतात. गाण्याची एक ओळ कानावर पडली की पुढचं सगळं आठवतं, ते बहुधा या जोडण्यांमुळेच. पण आठवण जुळवणारी हीच जाळी आकडीचा वणवा पसरायलाही सोयीची पडते. म्हणून तर आधीचा दरवाजा इतका कडक हवा.

आता समजा, लहानपणी तापात झटके आले आणि ते बराच वेळ थांबले नाहीत. अशा काही मुलांमध्ये दरवाजाला लागून असलेल्या नाजूक पेशी मरतात. त्यांची जागा रिकामी होते आणि दरवाजाच्या पेशींचे तंतू, जे पुढे सीए-3कडे जायचे, ते उलटे फिरून आपल्याच शेजारणींना जाऊन चिकटतात. सार्वजनिक मंडळाच्या मांडवात माईक स्पीकरसमोर आला की कशी कर्कश शिट्टी सुरू होते? आवाज स्पीकरमधून माईकमध्ये, माईकमधून पुन्हा स्पीकरमध्ये. तसंच हे वर्तुळ. ही उलटी जोडणी आकडीचं कारण की परिणाम, यावर संशोधकांत वाद आहे. पण जोडण्यांचं बिघडलेलं वर्तुळ तिथे असतं, यात वाद नाही. आपल्या बहुतेक गोळ्या पेशींतल्या सोडियमच्या वाटा आवळतात किंवा ‘गाबा’ या शांत करणाऱ्या रसायनाला बळ देतात. त्याने आवाज कमी होतो. जोडणी मात्र जागच्या जागी राहते.

मग तो भाग काढला तर? भीतीचं मूळ 1953 सालात आहे. अमेरिकेत हेन्री मोलेसन या 27 वर्षांच्या तरुणाच्या दोन्ही बाजूंचे हिप्पोकॅम्पस बऱ्याच अंशी काढले गेले. आकड्या कमी झाल्या, पण 2008मध्ये मृत्यू होईपर्यंत त्याच्या मनात नवी आठवण जवळजवळ टिकलीच नाही. तेव्हापासून दोन्ही बाजू कुणी काढत नाही. एक बाजू असली तर भागतं.

पण तेही नेहमीच नाही. कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये मेंदूचे सर्जन वाइल्डर पेनफिल्ड यांनी एका सिव्हिल इंजिनिअरची फक्त डावी बाजू काढली आणि त्याचीही स्मृती गेली. पेनफिल्ड आणि मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी तर्क केला, की उजवी बाजू आधीच निकामी असणार. 1964मध्ये तो रुग्ण वारल्यानंतर मेंदूची तपासणी झाली. उजवा हिप्पोकॅम्पस खरोखरच आक्रसलेला निघाला.

माझ्या मते या सगळ्या विषयाचं मर्म इथेच आहे. एमआरआयमध्ये डावा हिप्पोकॅम्पस सुकलेला आणि उजवा धडधाकट दिसला, तर घरचे घाबरतात. प्रत्यक्षात ही आशेची गोष्ट असते. तो भाग कामातून कधीच गेलेला असतो, काढून गमावण्यासारखं थोडंच उरतं. उलट एमआरआय स्वच्छ असेल, शब्द लख्ख आठवत असतील आणि आकडी डावीकडूनच सुरू होत असेल, तर काढला जाईल तो चालता भाग. शब्दांची आठवण बहुतेकांत डाव्या बाजूवर अवलंबून असते. अशा शिक्षिकेने किंवा वकिलाने दहादा विचार करावा.

हे ठरवायला दोन कसोट्या महत्त्वाच्या. एक व्हिडिओ-ईईजी, म्हणजे आकडी मेंदूत कुठून सुरू होते ते टिपणं: डोक्याला मेंदूतली वीज मोजणाऱ्या तारा, समोर कॅमेरा, गोळ्या कमी केलेल्या, आणि आयुष्यभर आकडीला घाबरलेला माणूस पलंगावर तिची वाट बघतो. दुसरी साधी वाटते. समोर बसलेली मानसतज्ज्ञ सांगते: विहीर, चष्मा, पेरू, कंदील, बैल... असे पंधरा शब्द. अर्ध्या तासाने विचारते, किती आठवतात? डाव्या बाजूचं पुस्तक त्या उत्तरात उघडतं.

1990च्या दशकापासून तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत ही शस्त्रक्रिया होते आहे. कॅनडात 80 रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडून केलेल्या अभ्यासात (2001) वर्षभरानंतर शुद्ध हरपणाऱ्या आकड्यांतून शस्त्रक्रियेच्या गटातले 58 टक्के सुटले होते, फक्त गोळ्यांच्या गटातले 8. दिल्लीच्या एम्समधल्या 116 मुलांच्या अभ्यासात (2017) सर्व आकड्या थांबलेल्यांचं प्रमाण 77 आणि 7 टक्के होतं. धोके आहेतच: नावं पटकन न सुचणं, नजरेचा वरचा एक कोपरा जाणं, क्वचित लकवा. पण थांबण्यातही धोका आहे. चुलीजवळ, विहिरीवर, झोपेत आकडीने माणसं जातात.

त्या माउलीला मी दोनच प्रश्न विचारायला सांगितले: एमआरआयमध्ये ती बाजू सुकलेली दिसते का, आणि दुसरी बाजू धड आहे का? तिने तिकीट पुढे केलं, म्हणाली, यावर लिहून द्या. लिहून होतं न होतं तोच बार्शीची गाडी लागली.