ठाणे खाडीत फ्लेमिंगो पाहायला जाताय? आधी तिथी बघा, मग तारीख धरा

दिवाळी संपली की माझ्याकडे फोन सुरू होतात. "काका, फ्लेमिंगोच्या बोटीचं बुकिंग कसं करायचं?" जानेवारीपासून सूर बदलतो. "काका, पैसे भरले होते, पण बोट निघून गेली." "शाळेची दोन बस भरून मुलं नेली, बोटीत बसवताच आली नाहीत." वर्षानुवर्षं गट घेऊन जातोय, आणि माणसं त्याच तीन-चार ठिकाणी अडकताना दिसतात. म्हणून हे एकदा सविस्तर लिहितो.

आधी जागा समजून घ्या. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य ६ ऑगस्ट २०१५ रोजी घोषित झालं. मालवणनंतरचं हे महाराष्ट्रातलं दुसरं सागरी अभयारण्य. क्षेत्र सुमारे १,६९० हेक्टर, त्यात निम्म्याहून जास्त कांदळवन, म्हणजे खारफुटीचं जंगल, आणि बाकी पाणी. २०२२ साली त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. नावात ठाणे आहे म्हणून लोक ठाणे स्टेशनला उतरून रिक्षावाल्याला विचारत बसतात. काहींच्या डोक्यात पूर्वीची शिवडी असते, ते थेट शिवडीच्या जेट्टीवर जाऊन उभे राहतात. अभयारण्य आहे ऐरोलीचा पूल आणि वाशीचा पूल यांच्या मधल्या खाडीत. कांदळवन विभागाचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र ऐरोलीत आहे आणि बोट तिथून सुटते. ठाण्याहून सुटणाऱ्या ट्रान्सहार्बर लोकलने ऐरोलीला उतरा, पुढे रिक्षा.

बुकिंग ऑनलाइन होतं आणि ते भरायला पाच मिनिटं पुरतात. तारीख, वेळ, माणसांची नावं, पैसे. यात समजावण्यासारखं काही नाही. एकच सांभाळा: केंद्र पाहण्याचं तिकीट आणि बोटीचं तिकीट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केंद्राचं तिकीट हातात घेऊन जेट्टीवर आलेली आणि तिथून परत फिरलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. आजी-आजोबांसह सगळे तयार होऊन आलेले असतात, फार वाईट वाटतं.

वेळ चुकते ती इथे

निम्म्याहून जास्त लोकांचा दिवस वाया जातो तो वेळ वाचण्यातल्या चुकीमुळे. शेजारचे मागच्या रविवारी सकाळी दहाच्या बोटीने जाऊन आले, भरपूर पक्षी दिसले, म्हणून आपणही या रविवारी दहाला जायचं असं ठरतं. तसं होत नाही. इथली बोट घड्याळावर चालत नाही, भरती-ओहोटीवर चालते. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. सात दिवसांत हा फरक पावणेसहा तासांच्या घरात जातो. म्हणजे मागच्या रविवारी दहाला जिथे भरतीचं पाणी होतं, तिथे या रविवारी दहाला जवळजवळ ओहोटी असते. पंधरा दिवसांनी मात्र चक्र पुन्हा त्याच वेळेच्या आसपास येतं. एवढी एक गोष्ट लक्षात राहिली तरी निम्मं काम झालं.

कोळीवाड्यात यासाठी कुणी मोबाइल काढत नाही. तिथीच्या पाऊणपट केली की भरतीची वेळ. कॅलेंडरवर दशमी असेल तर दहाच्या पाऊणपट साडेसात, म्हणजे सकाळी साडेसात आणि संध्याकाळी साडेसातच्या सुमारास भरती. षष्ठीला साडेचार. पौर्णिमा-अमावस्येला पंधराच्या पाऊणपट सव्वाअकरा, प्रत्यक्षात बाराकडे झुकलेली. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच. भरतीनंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. हिशेब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे होतो, पण घरच्या कॅलेंडरवर रविवार निवडायला भरपूर पुरतो. वर्तमानपत्रात छापलेली मुंबईची भरतीची वेळ अपोलो बंदराची असते. खाडीत आतपर्यंत पाणी चढायला आणखी थोडा वेळ लागतो, तोही धरा.

आता पक्ष्यांचं बघा. फ्लेमिंगो, म्हणजे आपला रोहित, उघड्या पडलेल्या चिखलात चरतो. मान खाली घालून चोच उलटी करायची आणि चिखलपाण्यातलं शेवाळ, बारीक जीव गाळून खायचे. पूर्ण भरतीला चिखल झाकला की थवे उठतात आणि काठाला किंवा पलीकडे नेरुळ-सीवूड्सच्या पाणथळींवर जाऊन विसावतात. पूर्ण ओहोटीला पक्षी असतात, पण बोट चालवायला पाणी नसतं. आपल्याला हवी असते ती मधली वेळ: बोट तरंगेल इतकं पाणी आणि पक्ष्यांना पाय टेकतील इतका चिखल. बोटीच्या वेळा ठरतात त्या यावरून. म्हणून बुकिंगच्या पानावर एखाद्या रविवारी तुम्हाला सोयीची सकाळची वेळ दिसली नाही तर चिडू नका, पुढचा रविवार बघा.

माझा आडाखा सांगतो. अष्टमीच्या आसपासचा रविवार मी टाळतो. तेव्हा भांगाचे दिवस असतात, पाण्याची ये-जा सुस्त, चिखल कमी उघडा पडतो, आणि भरती सकाळी सहा नि संध्याकाळी सहाला. एकादशीपासून पुढचे दिवस धरले तर सकाळची वेळ साधते. महिने म्हणाल तर पक्षी पावसाळ्यानंतर येऊ लागतात आणि मेपर्यंत असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर सहसा निराशा होत नाही.

तिकिटावर जी वेळ असते ती बोट सुटण्याची. ऐरोली स्टेशनवर उतरण्याची वेळ नव्हे! नोंद तपासणं, लाइफ जॅकेट चढवणं, लहान मुलांचे पट्टे आवळून घेणं यात अर्धा तास जातो. उशिरा आलेल्यांसाठी बोट थांबवता येत नाही, कारण तोपर्यंत पाणी उतरतं. तिथल्या माणसाशी वाद घालून उपयोग नाही, पाणी त्याच्या हातात नाही. आणि रविवार असेल तर आदल्या दिवशी मेगाब्लॉक बघा. ट्रान्सहार्बरवर ब्लॉक असताना ठाण्याच्या फलाटावर अडकलेल्या एका कुटुंबाची बोट मी जेट्टीवरून सुटताना पाहिली आहे. मुलगी व्हिडिओ कॉलवर रडत होती.

कोण जाऊ शकतं, कशासाठी

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या कलम २७ नुसार अभयारण्यात परवान्याशिवाय कुणालाही जाता येत नाही. कामावरचे सरकारी नोकर, आत स्थावर मालमत्तेचा हक्क असलेले, सार्वजनिक महामार्गाने जाणारे, असे मोजके अपवाद आहेत. कलम २८ मध्ये परवाना कशासाठी मिळू शकतो ते दिलं आहे: वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, वैज्ञानिक संशोधन, पर्यटन, आणि आत राहणाऱ्यांशी कायदेशीर व्यवहार. तुम्ही-आम्ही पर्यटनात मोडतो.

हे सांगायचं कारण, दर हंगामात कुणीतरी विचारतं, "बुकिंग फुल्ल आहे, एखाद्या होडीवाल्याला पैसे देऊन जाऊ का?" जाऊ नका. होडीवाल्याची खाडीतली वहिवाट त्याची असते, ती पैसे दिल्याने तुम्हाला मिळत नाही. पकडले गेलात तर तुमच्यापेक्षा जास्त भुर्दंड त्याला बसेल, आणि त्याचं पोट त्या होडीवर आहे.

प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र जवळ ठेवा आणि बुकिंगमधलं नाव ओळखपत्रावरच्या नावाशी जुळवा. आपल्याकडे घरात "बाळू", आधारवर "बाळकृष्ण" आणि बुकिंगवर तिसरंच, असं सर्रास असतं. बुकिंग भाच्याने केलं, तो आला नाही आणि तिकीट त्याच्या मोबाइलवर, हाही नेहमीचा घोळ. आदल्या रात्री तिकीट निदान दोघांच्या मोबाइलवर असू द्या.

पैसे कापले गेले आणि तिकीट आलं नाही तर? मागे दुसऱ्याच एका अभयारण्याच्या बुकिंगमध्ये माझं असं झालं. बँकेचा मेसेज दाखवून प्रवेश मिळेल या भरवशावर गेलो आणि दारातून परत आलो. बँकेचा मेसेज हे तिकीट नव्हे. व्यवहार क्रमांक लिहून घ्या, त्याच दिवशी लेखी तक्रार करा, आणि तिकीट हातात आल्याशिवाय घरातून निघू नका. सामान्य माणसाने किती ठिकाणी सावध राहायचं, असं मनात येतं खरं. पैसे घेतले की पावती देणं ही साधी गोष्ट सरकारी व्यवस्थेला अजून धड जमू नये, याचा मला मनापासून राग येतो.

शाळांनी हे नीट वाचा

सगळ्यात जास्त फजिती शिक्षकांची होते. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरुडच्या समुद्रात सहलीला आलेले विद्यार्थी बुडाले, तेव्हापासून सहलींचे नियम कडक झाले, आणि पाण्याजवळच्या जागांबद्दल तर फारच. ते योग्यच आहे. पण त्यामुळे शाळेच्या गटाला दोन वेगळ्या परवानग्या लागतात, हे कुणी आधी सांगत नाही. एक खाडीवर जाण्याची, दुसरी शिक्षण विभागाची. पहिली सगळे घेतात, दुसरी बहुतेकांकडे नसते किंवा अर्धवट असते.

अर्धवट कशी, ते सांगतो. एका शाळेने अर्जात लिहिलं होतं, "निसर्ग सहल, ऐरोली". परवानगी आली. मुलं जेट्टीपर्यंत पोचली. मुख्याध्यापिकांनी पत्र उघडून पुन्हा वाचलं आणि त्यांच्या लक्षात आलं की त्यात बोटीचा शब्दच नाही. त्यांनी मुलांना बोटीत बसवलं नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. चाळीस मुलं प्रदर्शन बघून परत गेली. एका मुलाच्या गळ्यात वडिलांची जुनी दुर्बीण होती, ती त्याने शेवटपर्यंत पिशवीत ठेवली नाही.

म्हणून अर्जात स्पष्ट लिहा: ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य, ऐरोली, बोटीतून फेरी, लाइफ जॅकेटसह. जाण्या-येण्याचं वाहन, मुलांची यादी, सोबतच्या शिक्षकांची नावं आणि मोबाइल क्रमांक, मुली असतील तर शिक्षिकेचं नाव, पालकांची संमतिपत्रं. संमतिपत्रातही "बोट" हा शब्द येऊ द्या. पालकांनी फक्त "सहल" वाचून सही केलेली असते.

आणि तारखेचा पेच. शिक्षण विभागाची परवानगी ठरावीक तारखेची असते. वाऱ्यामुळे त्या दिवशी बोट रद्द झाली तर पुढे काय? अर्जातच पर्यायी तारीख मागा, आणि ती पंधरा दिवसांनंतरची मागा. शाळा हटकून आठ दिवसांनंतरची तारीख देतात आणि त्या दिवशी त्याच वेळी खाडीत पाणीच नसतं. कारण वर आलंच आहे. अर्ज निदान महिनाभर आधी टाका, आवक क्रमांक घ्या, आणि दर आठवड्याला एकदा विचारा. कागद टेबलावर आपोआप सरकत नाही, हे दुर्दैवाने खरं आहे.

कॅमेरा आणि ड्रोन

आठवण म्हणून फोटो काढायला वेगळा अर्ज लागत नाही. माहितीपट, जाहिरात, चित्रीकरणाचं पथक असेल तर कलम २८ खाली परवाना हवा. २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्यात अधिवासाला आणि वन्यजीवांना बाधा न आणण्याची अट स्पष्टपणे आली आहे. हा परवाना देणारे राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक नागपूरला बसतात. कागद स्थानिक कांदळवन कार्यालयातून वर जातो, त्यामुळे फेब्रुवारीत चित्रीकरण करायचं तर दिवाळीलाच अर्ज करा. पथकातल्या सगळ्यांची नावं, उपकरणांची यादी, तारखा आणि हेतू एकाच अर्जात द्या, नाहीतर प्रत्येक त्रुटीसाठी कागद पुन्हा खाली येतो.

ड्रोन नेऊ नका. "माझा २५० ग्रॅमच्या आतला आहे" असं तरुण मुलं सांगतात. २०२१ च्या ड्रोन नियमांतली ती सवलत वैमानिक परवान्यासारख्या अटींपुरती आहे, अभयारण्यावर उडवण्याची मुभा नव्हे. एका ड्रोनने अख्खा थवा उठतो. चरण्याचे मोजके तास असतात आणि त्यातला अर्धा तास पक्षी हवेत घालवतात.

बाकी तयारी घरगुती आहे. टोपी, पाणी धातूच्या किंवा काचेच्या बाटलीत, प्लास्टिक नको, गुळगुळीत तळव्याच्या चपला नकोत. गुडघेदुखी असलेल्यांनी बोटीत चढताना हात धरायला कुणीतरी ठेवा. आदल्या संध्याकाळी एकदा वेळ बदलली नाही ना, ते तपासा.

बोट थव्याजवळ आली की इंजिन मंद होतं. दुर्बीण एकच असेल तर आधी मुलांकडे द्या आणि चोच बघायला सांगा. चोच फिकट गुलाबी आणि टोकालाच काळी असेल तर तो मोठा रोहित. जवळजवळ सगळी गडद असेल तर लहान. थव्यात बहुतेक लहानच असतात, मोठा शोधावा लागतो.