बोनेटखाली कोणाचं इंजिन?

एमजी या ब्रिटिश कंपनीची टीडी ही १९४९ च्या अखेरीपासून १९५३ पर्यंत इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनला बनलेली दोन आसनी, उघडी गाडी. तिचं मूळ इंजिन १२५० सीसीचं, नाव एक्सपीएजी. अशा गाडीच्या बोनेटखाली ॲम्बॅसेडरचं इंजिन निघालं, तर परदेशातला संग्राहक थक्क होईल. आपल्याकडचा जुना मिस्त्री होणार नाही.

त्यामागे इतिहास आहे. जनरल मोटर्स १९२८ पासून मुंबईत गाड्या जोडत होती. १९५३ च्या सुमारास सरकारने ठरवलं, की इथे टप्प्याटप्प्याने गाडी बनवायची तयारी असेल तरच इथे धंदा करा. जनरल मोटर्स आणि फोर्ड, दोघींनीही काम थांबवलं. आयातीवर परवान्याची आणि परकीय चलनाची बंधनं आली. जुन्या विलायती गाडीच्या ब्लॉकला, म्हणजे सिलिंडर असलेल्या मुख्य ओतीव भागाला, तडा गेला की नवा मिळणार कुठून? हाताशी होती ती ॲम्बॅसेडर, फियाट आणि जीपची इंजिनं. मिस्त्रींनी फाउंडेशन, म्हणजे इंजिन चासीवर बसतं ती जागा, कापून, वेल्डिंग करून तीच बसवली आणि गाड्या चालत्या ठेवल्या. म्हणून आपल्याकडे जुनी गाडी घेताना पहिला प्रश्न हाच, की आतलं इंजिन कोणाचं?

इंजिन नंबर आरसी बुकाशी ताडून पाहावा, पण त्यावर विसंबू नये. नंबर ठोकलेला असतो, तो घासून पुन्हा ठोकता येतो. टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, तर काही बोल्ट काढून बदलता येतं. त्यापेक्षा ब्लॉकवर ओतकामातच उठून आलेली अक्षरं आणि आकडे जास्त भरवशाचे. ती साच्यातून येतात, नंतर उठवता येत नाहीत.

त्याहून भरवशाची आहे भूमिती. सिलिंडरचा व्यास म्हणजे बोअर आणि पिस्टन वरून खाली जितका सरकतो तो स्ट्रोक. बोअरचा वर्ग, गुणिले ०.७८५४, गुणिले स्ट्रोक, गुणिले सिलिंडरची संख्या, एवढ्यात सीसी निघतात. मापं मात्र सेंटिमीटरमध्ये घ्यायची. या दोन मापांत स्ट्रोक अधिक प्रामाणिक. सिलिंडर झिजला की लेथवाला तो बोअर करून वीस, तीस, चाळीस किंवा साठ हजारांश इंचाने मोठा करतो आणि ओव्हरसाइज पिस्टन घालतो. स्ट्रोक मात्र पिस्टन ज्या दांड्याला फिरवतात त्या क्रँकमध्येच घडवलेला असतो. वेगळा क्रँक बसवल्याशिवाय तो बदलत नाही.

ॲम्बॅसेडरच्या १४८९ सीसी इंजिनाचा, म्हणजे ब्रिटिश बीएमसी कंपनीच्या बी-सीरिजचा, स्ट्रोक ८८.९ मिमी. हा आकडा ऐकायला विचित्र, पण इंचात बरोबर साडेतीन. बोअर ७३.०२५ मिमी, म्हणजे दोन पूर्णांक सात अष्टमांश इंच. मोजलेलं माप कोणत्या एककात पूर्ण येतं, यावरून आराखडा कुठे काढला गेला याचा अंदाज येतो. प्यूजो या फ्रेंच कंपनीचं डिझेल इंजिन महिंद्राच्या जीपमध्ये आलं, त्याचा बोअर ९० आणि स्ट्रोक ८३ मिमी. दोन्ही मिलिमीटरमध्ये पूर्ण.

बी-सीरिजचा बोअर अरुंद आणि स्ट्रोक लांब का, याला कारण कर आहे. ब्रिटनमध्ये गाडीवरचा कर ‘हॉर्सपॉवर’वर लागे, आणि ती काढायचं सूत्र फक्त बोअर आणि सिलिंडरची संख्या पाही. स्ट्रोक त्यात नव्हताच. मग अभियंत्यांनी सिलिंडर बारीक आणि उंच ठेवले. दुसऱ्या महायुद्धानंतर तो कर गेला, पण इंजिनांची ठेवण पुढे कितीतरी वर्षं टिकली. करखात्याचा नियम लोखंडात असा वाचता येतो, ही गोष्ट मला फार आवडते.

आता टीडीकडे वळू. मूळ एक्सपीएजीचा बोअर ६६.५ आणि स्ट्रोक ९० मिमी. ॲम्बॅसेडरशी तुलना केली तर स्ट्रोकमध्ये जेमतेम १.१ मिमीचा फरक, पण बोअरमध्ये साडेसहा मिमीचा. साठ हजारांशाचं बोअरिंग झालं असलं तरी एक्सपीएजी ६८ मिमीच्या आसपास थांबतो, म्हणजे घोटाळा व्हायचं कारण नाही. पण एमजीनेच पुढे टीएफ गाडीसाठी ७२ मिमी बोअरचा, १४६६ सीसीचा भाऊ काढला आणि तोही टीडीत बसतो. ७२ × ९० आणि ७३ × ८८.९! झिजलेल्या सिलिंडरवर नुसत्या व्हर्नियरने हे वेगळं सांगायला मी कोणालाही सांगणार नाही.

इथे निकाल देतो बोल्ट. एक्सपीएजी इंग्लिश असूनही त्याचे आटे मेट्रिक आहेत. ते ज्या घराण्यातलं, त्या इंजिनांचा इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीचा कारखाना मॉरिस या ब्रिटिश मोटार-उत्पादकाने १९२३ मध्ये हॉचकिस या फ्रेंच कंपनीकडून घेतला आणि फ्रेंच मापाची यंत्रं तिथेच राहिली. बोल्टचं डोकं मात्र इंग्लिश व्हिटवर्थ पान्याचं ठेवलं, म्हणजे गॅरेजवाल्यांची सोय. बी-सीरिजचे आटे इंचाचे. एकीकडे ८ मिमीचा बोल्ट, आट्यांचं अंतर १ मिमी. दुसरीकडे पाच सोळांश इंच म्हणजे ७.९४ मिमी, इंचाला २४ आटे, म्हणजे अंतर १.०६ मिमी. डोळ्यांना दोन्ही सारखेच. एकाची नट दुसऱ्यावर थोडी फिरते आणि अडकते. जोर लावला तर आटे जातात. थ्रेड गेज, म्हणजे आट्यांचं अंतर मोजायची दातेरी पट्टी, लावा, क्षणात कळतं.

ठरलं, बी-सीरिज. पण कुठलं? एमजीच्याच पुढच्या गाड्यांपैकी एमजीएचं १४८९ आणि १६२२, एमजीबीचं १७९८, सगळ्यांचा स्ट्रोक तोच ८८.९. इथे बोअरच मोजावा लागतो: ७३, ७६.२ किंवा ८०.२६ मिमी. एमजीबीच्या ब्लॉकवर १८०० ओतलेलंही असतं. हिंदुस्तान मोटर्सने नंतर ॲम्बॅसेडरमध्ये घातलेलं इसुझू इंजिन मात्र या कुटुंबातलं नाही. त्याचा बोअर ८४, स्ट्रोक ८२, आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट थेट हेडवर, म्हणजे ब्लॉकवर बसणाऱ्या वरच्या भागात.

जीपचं हरिकेन इंजिन न उघडताही ओळखू येतं. कार्बोरेटर हेडवर आणि एक्झॉस्ट ब्लॉकमधून, कारण त्याचे इनटेक व्हॉल्व्ह वर तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बाजूला आहेत.

घासलेल्या नंबरांनाही बोलतं करता येतं. अंक ठोकताना त्याखालचा धातू दबतो, त्याच्या कणांची रचना बिघडते. वरचा अंक घासला तरी खालचा ताणलेला थर राहतो. पृष्ठभाग गुळगुळीत करून त्यावर कॉपर क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचं द्रावण लावलं की तो थर वेगळ्या वेगाने झिजतो आणि अंक पुन्हा दिसू लागतात. न्यायवैद्यक प्रयोगशाळा हे करतात. पोलादी चासीवर ते चांगलं जमतं, बिडाच्या ब्लॉकवर कठीण.

या ओळखीला आता कायद्याचंही वजन आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, पण ती मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. म्हणून अनेक मालक बदललेलं इंजिन काढून भंगारात देतात. तसं करू नये असं मला कळकळीने वाटतं. मूळ इंजिन मिळालं तर जरूर बसवा, पण काढण्याआधी फाउंडेशनचे वेल्ड, बेलहाउसिंगमध्ये (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या कवचात) घातलेली प्लेट, रेडिएटरच्या वळवलेल्या नळ्या यांचे फोटो काढा, बोअर-स्ट्रोक आणि ओतीव आकडे लिहून ठेवा. एकदा इंजिन उतरलं आणि वेल्ड ग्राइंड झाले, की ते काम कसं केलं होतं हे त्या चासीवरून पुन्हा वाचता येत नाही.