पीक ट्रॅम : दोराने डोंगर चढणारी हाँगकाँगची रेल्वे

(आमच्यासोबत हाँगकाँगला येणाऱ्या प्रवाशांसाठी माहितीपत्रक)

सहलीच्या कार्यक्रमात ‘व्हिक्टोरिया पीक, ट्रॅमने’ एवढीच ओळ असते आणि तो प्रवास पाच-सात मिनिटांत आटोपतो. काय पाहायचे हे आधी ठाऊक असेल तरच ती मिनिटे सार्थकी लागतात. म्हणून हे पत्रक निघण्यापूर्वी घरीच वाचा.

नावात ट्रॅम असली तरी ही रस्त्यावरची ट्रॅम नव्हे. हाँगकाँगच्या रस्त्यांवर धावणाऱ्या दुमजली ट्रॅम वेगळ्या. त्यात बसून पीकवर, म्हणजे व्हिक्टोरिया पीक या डोंगरावर, पोहोचता येत नाही. पीक ट्रॅम ही फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने ओढली जाणारी रेल्वे आहे. वणीला सप्तशृंगी गडावर जे फ्युनिक्युलर ट्रॉलीने गेले आहेत, त्यांना ही कल्पना ओळखीची वाटेल.

दोर काय करतो

गाडीला स्वतःचे इंजिन नसते. वरच्या टोकाला यंत्रघर असते आणि पोलादी दोर तिथल्या मोटरवर चालतो. दोराला दोन गाड्या असतात: एक चढते तेव्हा दुसरी उतरते. रहाटाला दोन पोहरे लावले की खाली जाणारा पोहरा वर येणाऱ्याचा भार हलका करतो, तसेच इथे होते. त्यामुळे मोटरला गाडीचे सगळे वजन उचलावे लागत नाही. दोन्ही गाड्यांतल्या प्रवाशांच्या वजनातला फरक, दोराचे वजन आणि घर्षण एवढ्याला पुरेल इतकीच ताकद लागते.

मार्ग एकेरी आहे, मग समोरासमोर आलेल्या गाड्या जातात कशा? मध्ये रुळांना फाटा फुटतो आणि पुढे ते पुन्हा एक होतात. अशा रेल्वेसाठी कार्ल रोमान आब्ट या स्विस अभियंत्याने 1879 साली स्वित्झर्लंडमधल्या गीसबाखच्या मार्गावर एक सुंदर तोड काढली. गाडीच्या एका बाजूच्या चाकांना दोन्हीकडे कडा, दुसऱ्या बाजूची चाके रुंद आणि बिनकडांची; दुसऱ्या गाडीत याच्या उलट. कडांची चाके आपल्या बाहेरच्या रुळाला धरून राहतात, त्यामुळे एक गाडी दर वेळी डावीकडून तर दुसरी उजवीकडून जाते. रुळांचे सांधे हलवावे लागत नाहीत, म्हणजे चुकीच्या बाजूला वळण्याची भीतीही नाही.

पीक ट्रॅमचा मार्ग सव्वा किलोमीटरहून थोडा जास्त आहे. चढ 4 अंशांपासून सुमारे 25.7 अंशांपर्यंत जातो. कर्जत-लोणावळ्याच्या बोरघाटात रेल्वे 37 मीटर जाते तेव्हा 1 मीटर चढते. इथे सर्वात उभ्या भागात दोन-सव्वादोन मीटरमागे 1 मीटर.

आधी डोली, मग रेल्वे

एकोणिसाव्या शतकात खालच्या दमट उकाड्याला कंटाळलेले श्रीमंत गोरे लोक पीकवर राहायला जात. त्यांना चिनी मजूर डोलीत बसवून खांद्यावरून वर नेत. अलेक्झांडर फिंडले स्मिथ या स्कॉटिश गृहस्थाने 1881 मध्ये रेल्वेची परवानगी मागितली, 1885 मध्ये काम सुरू झाले आणि मे 1888 मध्ये गाडी धावली. पहिल्या वर्षी सुमारे दीड लाख लोकांनी प्रवास केला. त्या वेळी दोर वाफेच्या इंजिनावर चालत असे. 1926 मध्ये विजेची मोटर आली.

तिकिटाचे वर्ग मात्र माणसांची प्रतवारी लावणारे होते. पहिला वर्ग ब्रिटिश अधिकारी आणि पीकच्या रहिवाशांचा, दुसरा लष्कर आणि पोलिसांचा, तिसऱ्यात उरलेली सगळी माणसे आणि जनावरेसुद्धा. भाडे अनुक्रमे 30, 20 आणि 10 सेंट. 1908 पासून 1949 पर्यंत पुढची जागा ब्रिटिश गव्हर्नरसाठी राखीव असे आणि गाडी सुटायला दोन मिनिटे उरेपर्यंत तिथे इतर कोणालाही बसता येत नसे. 1904 च्या कायद्याने तर चिनी लोकांना पीकवर राहायलाच बंदी घातली. तो रद्द व्हायला 1946 साल उजाडले. वरून दिसणाऱ्या झगमगाटाइतकाच हा इतिहासही लक्षात राहावा, असे आम्हांला मनापासून वाटते.

ट्रॅम सुरू झाली त्याच 1888 साली मुंबईहून आलेले पारशी व्यापारी दोराबजी नौरोजी यांनी बंदरापलीकडच्या कौलूनला जाणाऱ्या बोटींची कंपनी काढली. तीच आजची स्टार फेरी.

डिसेंबर 1941 मध्ये जपानी हल्ल्यात यंत्रघराचे नुकसान झाले आणि गाडी पुन्हा सुरू झाली ती 1945 च्या नाताळात. जून 1966 मध्ये मुसळधार पावसाने मार्गाचा काही भाग वाहून गेला. 1989 मध्ये स्वित्झर्लंडच्या फॉन रोल कंपनीची संगणक-नियंत्रित यंत्रणा आणि 120 प्रवाशांच्या गाड्या आल्या. सध्याच्या हिरव्या गाड्या ऑगस्ट 2022 पासूनच्या आहेत. एकीत 210 जण मावतात.

दोर तुटला तर?

3 सप्टेंबर 2025 रोजी पोर्तुगालमधल्या लिस्बनच्या ग्लोरिया फ्युनिक्युलर मार्गावर दोर निसटून 16 जण दगावले, तेव्हापासून हा प्रश्न हमखास विचारला जातो. तिथे दोर गाडीला जिथे जोडलेला होता तिथेच सुटला. ब्रेक लावले गेले, पण तोल सांभाळणाऱ्या दुसऱ्या गाडीचा आधार सुटल्यावर ते पुरे पडले नाहीत. म्हणून फ्युनिक्युलरला मोटरच्या ब्रेकखेरीज गाडीतच रूळ पकडणारे ब्रेक हवेत, आणि ते एकट्याने भरलेली गाडी थांबवण्याइतके दमदार हवेत. दोराची तपासणी तर नित्याची. देखभालीसाठी फेऱ्या बंद असल्या तर त्या दिवशी आपण बसने वर जातो.

त्या दिवशी

चढताना उजवीकडे बसा, बंदर त्या बाजूला दिसते. बाहेरच्या इमारती डोंगराकडे कललेल्या वाटतील. गाडीसह आपणही तिरके असतो आणि डोळे गाडीच्या फरशीलाच आडवी धरतात, म्हणून हा भास होतो. उभे असाल तर दांडी घट्ट धरा.

ट्रॅम शिखरापर्यंत जात नाही. शिखर 552 मीटरवर आहे, स्टेशन सुमारे 396 मीटरवर. मार्च-एप्रिलमध्ये वर दाट धुके असते, तेव्हा वरच्या इमारतीच्या गच्चीवरून देखावा पाहण्याचे वेगळे तिकीट वर पोहोचून, आकाश पाहूनच काढा. लुगार्ड रोडची सपाट पायवाट फुकट आहे आणि तिथून दिसणारे बंदर गच्चीइतकेच देखणे. ज्येष्ठांनी सवलतीसाठी पासपोर्ट जवळ ठेवावा.

संध्याकाळी परतीच्या ट्रॅमला लांब रांग लागते. आपण 15 क्रमांकाच्या बसने उतरतो. रस्ता वळणावळणांचा आहे. ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी अर्धा तास आधी घ्यावी आणि खालच्या मजल्यावर पुढे बसावे.