पॅरा कमांडो (पॅरा एसएफ)

कमांडो म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांना काळे कपडे आणि २६/११ आठवतं. पण ते एनएसजीवाले (नॅशनल सिक्युरिटी गार्ड), ती फोर्स १९८४ ची आणि गृह मंत्रालयाखालची. नेव्हीचे मार्कोस वेगळे, एअरफोर्सचे गरुड वेगळे. आर्मीचे स्वतःचे कमांडो म्हणजे पॅराशूट रेजिमेंटच्या स्पेशल फोर्सेस (एसएफ) बटालियन, ज्यांना आजही सगळे सवयीने पॅरा कमांडोच म्हणतात.

सुरुवात तशी जुगाडातूनच झाली. १९६५ च्या युद्धात गार्ड्स रेजिमेंटच्या मेजर मेघ सिंग यांनी वेस्टर्न कमांडचे प्रमुख लेफ्टनंट जनरल हरबक्ष सिंग यांची परवानगी काढली, वेगवेगळ्या युनिटमधून स्वखुशीने येणारे जवान गोळा केले आणि शत्रूच्या पाठीमागे जाऊन धाडी घातल्या. नाव पडलं मेघदूत फोर्स. प्रयोग जमला म्हणून १९६६ साली ग्वाल्हेरला ९ पॅरा कमांडो उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी तिच्यातून १० पॅरा वेगळी काढली, ९ डोंगरासाठी आणि १० वाळवंटासाठी.

१९७१ मध्ये दोघींचीही परीक्षा झाली. १० पॅरावाले जयपूरचे महाराज लेफ्टनंट कर्नल भवानी सिंग यांच्या हाताखाली जीपगाड्या घेऊन वाळूतून थेट सिंधमधल्या छाछरोपर्यंत घुसले, महाराजांना महावीर चक्र मिळालं. पण मला विचाराल तर भारी काम मंढोलचं. पूंछवर मारा करणाऱ्या पाकिस्तानी तोफा काही केल्या गप्प बसेनात, मग १३ डिसेंबरच्या रात्री ९ पॅराची तुकडी ऐन थंडीत नदी ओलांडून पलीकडे गेली आणि सहा तोफा स्फोटकं लावून उडवून आली. कमांडोचं काम काय असतं ते यात सगळं आलं, जायचं, एकच गोष्ट मोडायची आणि परत यायचं, जागा धरून बसायचं नाही.

सगळंच जमलं असं नाही. ऑक्टोबर १९८७ मध्ये श्रीलंकेत, एलटीटीई या तमिळ बंडखोर संघटनेचा प्रमुख प्रभाकरन याला पकडायला १० पॅरावाले जाफना युनिव्हर्सिटीच्या मैदानात हेलिकॉप्टरने उतरले तेव्हा एलटीटीई आधीच तयारीत होती, आणि कमांडोंसोबत उतरलेली शीख लाइट इन्फंट्रीची छोटी तुकडी जवळजवळ अख्खी कापली गेली.

भरती म्हणाल तर कुणालाही जबरदस्तीने घेत नाहीत, स्वतःहून यायचं, काही महिन्यांचं प्रोबेशन काढायचं, आणि त्यात बहुतेक जण परत पाठवले जातात. टिकला त्याला छातीवर बलिदान बॅज. पंखांचा खंजीर, खाली देवनागरीत 'बलिदान'. २०१९ च्या वर्ल्डकपला धोनीच्या ग्लोव्हजवर दिसलेला आणि आयसीसीने काढायला लावलेला तो हाच.

मराठी कनेक्शन मात्र थोड्यांनाच माहीत असतं. डिसेंबर १९७१ मध्ये आजच्या बांगलादेशातल्या टांगाइलला पॅराशूटने उतरलेली २ पॅरा ही मूळची ३ मराठा, ती नंतर एसएफ झाली. आणि २१ पॅरा तर १९९६ पर्यंत सरळ २१ मराठा लाइट इन्फंट्रीच होती, म्हणूनच तिचं टोपणनाव आहे वाघनखं. साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक याच २१ पॅराचे, नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात शहीद झाले तेव्हा ते दहशतवाद्यांशी लढणाऱ्या ४१ राष्ट्रीय रायफल्सचे कमांडिंग ऑफिसर होते.