क्रेझी हार्ट

अमेरिकन कंट्री संगीताच्या (ग्रामीण अमेरिकेतून आलेल्या गिटारप्रधान गाण्यांच्या) पार्श्वभूमीवरचा, २००९ साली प्रदर्शित झालेला इंग्रजी चित्रपट. पटकथा आणि दिग्दर्शन स्कॉट कूपर यांचे असून दिग्दर्शक म्हणून हा त्यांचा पहिलाच चित्रपट. कथा थॉमस कॉब यांच्या १९८७ मधील याच नावाच्या कादंबरीवर आधारलेली आहे. प्रमुख भूमिकेसाठी जेफ ब्रिजेस यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे ऑस्कर मिळाले.

चित्रपटाचा नायक बॅड ब्लेक हा ५७ वर्षांचा गायक आणि गीतकार. एके काळी त्याची गाणी गाजलेली होती. आता तो जुनी शेवरोले सबर्बन गाडी स्वतः हाकत, गावोगावच्या बारमध्ये आणि बोलिंगच्या (चेंडू घरंगळवून खुंट्या पाडण्याच्या खेळाच्या) अड्ड्यांवर गाऊन पोट भरतो. लग्ने मोडलेली, मुलाशी कित्येक वर्षांत गाठ नाही, नवे गाणे सुचत नाही आणि व्हिस्की सुटत नाही. सँटा फे येथे जीन क्रॅडॉक (मॅगी जिलेनहाल) ही पत्रकार त्याची मुलाखत घ्यायला येते आणि दोघे एकमेकांत गुंततात. जीनला चार वर्षांचा मुलगा आहे; त्याच्याशीही बॅडची गट्टी जमते. पुढे ह्यूस्टनला याच मुलाला सांभाळायची जबाबदारी अंगावर असताना बॅड एका मॉलमधल्या बारमध्ये शिरतो आणि पोर नजरेआड होते. मूल सापडते, पण जीन परत येत नाही. त्यानंतर बॅड व्यसनमुक्ती केंद्राची वाट धरतो.

कथानक म्हणून यात नवे फारसे काही नाही, आणि तेव्हाच्या समीक्षकांनीही ते बोलून दाखवले. पडलेला कलावंत, समजूतदार बाई, निरागस मूल, शेवटी सुधारणा हा साचा जुनाच आहे. चित्रपट टिकतो तो फिरत्या गवयाच्या धंद्याच्या बारकाव्यांवर. बॅडचा स्वतःचा वाद्यवृंद नाही. ज्या गावी जाईल तिथल्या स्थानिक पोरांना साथीला घ्यायचे, जमली तर तालीम करायची, नाहीतर थेट मंचावर उभे राहायचे, असा त्याचा खाक्या. कोलोरॅडोतल्या प्वेब्लो गावी बोलिंगच्या अड्ड्यावर त्याला कळते की बारमध्ये त्याच्या नावावर उधारी चालणार नाही. दारूच्या दुकानाचा मालक मात्र जुना चाहता निघतो. एक बाटली फुकट देतो आणि बायकोसाठी आवडीचे गाणे म्हणायची विनंती करतो. कार्यक्रमात बॅड ते गाणे सुरू करतो, पण मध्येच मंच सोडून मागच्या दाराने धावतो आणि कचऱ्याच्या डब्यात ओकतो. आत साथीदार कसेबसे गाणे रेटत राहतात. डब्यात पडलेला गॉगल हाताने चाचपून काढून तो परत जातो. दारूड्या कलावंताभोवती पडद्यावर नेहमी जे वलय उभे केले जाते, ते या एका प्रसंगात पुसून जाते.

टॉमी स्वीट (कॉलिन फॅरल) हा बॅडच्या हाताखाली तयार झालेला गायक आता मोठा तारा आहे. सोपा मार्ग त्याला खलनायक करण्याचा होता. कूपर यांनी तो टाळला. टॉमी गुरूचे ऋण मानतो, मदत करू पाहतो, आणि नेमके तेच बॅडला झोंबते. फिनिक्सच्या भव्य कार्यक्रमात गुरूने शिष्याच्या आधी गायचे, असे ठरते. तिथल्या ध्वनितपासणीच्या वेळी बॅड ध्वनिनियंत्रकाशी हुज्जत घालतो: आधी गाणाऱ्याचा आवाज मुद्दाम दबका ठेवायचा, म्हणजे मुख्य गायक उठून दिसतो, ही खोड त्याला चांगली ठाऊक आहे. या कार्यक्रमाचे चित्रीकरण न्यू मेक्सिकोत, टोबी कीथ या लोकप्रिय कंट्री गायकाच्या मैफिलीसाठी जमलेल्या खऱ्या प्रेक्षकांसमोर झाले. ब्रिजेस आणि फॅरल यांनी आपापली गाणी स्वतःच गायली आहेत.

संगीताची बाजू टी बोन बर्नेट आणि स्टीफन ब्रूटन या संगीतकारांनी सांभाळली. ब्रिजेस यांनी ही भूमिका आधी नाकारली होती. पटकथेत गाणीच नव्हती, आणि गाणी पोकळ निघाली तर गायकाची भूमिका उभी राहत नाही, हे त्यांना दिसत होते. बर्नेट येणार म्हटल्यावर ते तयार झाले. ब्रिजेस, बर्नेट आणि ब्रूटन एकमेकांना १९८० च्या ‘हेवन्स गेट’ या चित्रपटाच्या काळापासून ओळखत होते. ब्रूटन यांनी कंट्री गायक क्रिस क्रिस्टॉफरसन यांच्या साथीला बरीच वर्षे गिटार वाजवली होती, त्यामुळे बॅडचे हे जग त्यांनी आतून पाहिलेले होते. मे २००९ मध्ये कर्करोगाने त्यांचे निधन झाले. चित्रपट त्यांना अर्पण केला आहे. ‘द वेअरी काइंड’ हे मुख्य गीत बर्नेट आणि तरुण गायक रायन बिंगहॅम यांचे. बोलिंगच्या अड्ड्यावर बॅडला साथ करणाऱ्या पोरांचा म्होरक्या म्हणून बिंगहॅम पडद्यावरही दिसतो.

सुमारे ७० लाख डॉलर खर्चात आणि अवघ्या २४ दिवसांत, मुख्यतः न्यू मेक्सिकोत चित्रीकरण उरकले. चित्रपटगृहात न जाता तो थेट व्हिडिओवर निघण्याची चिन्हे होती. फॉक्स सर्चलाइट या चित्रपट कंपनीने हक्क विकत घेऊन डिसेंबर २००९ मध्ये, पुरस्कारांच्या हंगामात, तो प्रदर्शित केला. ८२ व्या ऑस्कर सोहळ्यात अभिनेता आणि मूळ गीत असे दोन पुरस्कार मिळाले. जिलेनहाल यांना सहाय्यक अभिनेत्रीचे नामांकन होते. ब्रिजेस यांचे हे पाचवे नामांकन आणि पहिला विजय.

चित्रपटाचा एक निर्माता आणि बॅडचा ह्यूस्टनमधला बारमालक मित्र वेन, या दोन्ही नात्यांनी रॉबर्ट डुव्हाल यांची इथली उपस्थिती सूचक आहे. १९८३ च्या ‘टेंडर मर्सीज’मध्ये मॅक स्लेज हा असाच दारूने बरबाद झालेला कंट्री गायक रंगवून त्यांनी ऑस्कर मिळवले होते. दोन्ही चित्रपटांची तुलना अटळ आहे, पण त्यांचा भर वेगळा. मॅकची दारू चित्रपट सुरू होऊन थोड्याच वेळात सुटते. उरलेली कथा आहे टेक्सासमधल्या एका विधवेच्या मोटेलवर कामे करत, तिच्याशी संसार थाटत काढलेल्या कोरड्या दिवसांची. ‘क्रेझी हार्ट’ मात्र जवळजवळ सगळा वेळ बाटलीतच घालवतो आणि व्यसनमुक्तीचा भाग काही मिनिटांत आटोपतो. त्यामुळे शेवटी, सोळा महिन्यांनंतरचा म्हणून जो सावरलेला बॅड समोर येतो, तो तिथवर कसा पोचला हे प्रेक्षकाला पुरते दिसत नाही. ब्रिजेस यांचा अभिनय ही उणीव बरीचशी झाकतो, भरून मात्र काढत नाही.